दोन रेघा आणि एक ठोका

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमधून मच्छेला उतरत होते. शांताक्कांचा फोन. त्या सकाळच्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी पायरीवरच थांबले आणि मागचे लोक ओरडायला लागले. "सुनीता, अण्णा गेले. पहाटं साडेपाचला. झोपेतच. दुपारी दोनला न्हेणार हाईत, निपाणीतच." पलीकडून आवाज आला, "आता तू म्हण." मला कळलंच नाही. "म्हण गं, काय सांगितलं मी?" मग मी गेटच्या बाजूला सरले आणि शब्दाला शब्द लावून म्हटलं... अण्णा गेले. पहाटे साडेपाचला. झोपेत. दुपारी दोनला, निपाणीत. "बरोबर," आक्का म्हणाल्या, आणि मग कुठं त्यांचा आवाज फुटला.

कुणाला हे विचित्र वाटेल. पण त्या घरात ऐकलेली गोष्ट परत म्हणून दाखवल्याशिवाय खरी धरत नसत. परशराम अण्णा सातवी शिकलेले. निपाणीच्या एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे वाचत, ओळी जुळवायचे. लग्नपत्रिका, विडीच्या बंडलांची लेबलं, सोसायटीचे अहवाल, सगळं. तिथं प्रूफ वाचायची एक रीत होती. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सगळं उच्चारून. दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. शांताक्का त्या छापखान्यात वाचायला म्हणूनच कामाला लागल्या होत्या. अण्णा सांगायचे, "आमचं लगीन प्रूफ वाचताना जमलं. हिनं माझ्या इतक्या चुका काढल्या, म्हटलं ही बाहेर जाऊन बोलली तर माझी भाकरी जातीया. त्यापेक्षा घरातच असूंदे." आक्का भिंतीकडं बघत म्हणायच्या, "अजून काढतीया की. कुठं संपल्यात?"

छापखान्यातलं शिसं वितळवायला गेलं तेव्हा अण्णा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या पंपाच्या कंपनीत आले. पंपाबरोबर जी पुस्तिका जाते, बसवायचा कसा, सुरू करायचा कसा, बिघडला तर काय, ती तयार करायचं काम. चाळिशी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढं बसला. नेहमीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यांना आवडेना. "एक चित्र घातलं की सगळं पान वरखाली पळतंय. माझं ऐकतच न्हाय." मग कुणा इंजिनिअरनं त्यांना लाटेक दाखवलं. लाटेक म्हणजे पानं जुळवायची भाषा. मजकुराच्या मधेमधे हुकूम लिहायचे: हे ठळक, हे मथळा, इथं रेघ. मग यंत्र पान जुळवून देतं, शब्दांतल्या जागासुद्धा केसाच्या अंतरानं मोजून. अण्णांना ते लगेच समजलं. खिळ्यांसारखंच होतं ना. त्यांनी बोटांनी केलेलं काम आता हुकमानं व्हायचं, एवढाच फरक. त्यांच्या पुस्तिका एवढ्या देखण्या असायच्या की गिऱ्हाईक पंपाआधी पुस्तिका उलगडून बघायचं, असं ते स्वतःच सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो.

मी त्यांच्या हाताखाली आले ती मोठ्या तोऱ्यात. का येऊ नये? माझे वडील तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आईनं जन्मभर विड्या वळल्या. बोरगावच्या आमच्या गल्लीत कॉलेजचं शेवटचं वर्ष पास झालेली मी पहिली. बीएस्सी, कॉम्प्युटर सायन्स. निकालाच्या दिवशी वडिलांनी विहारात सगळ्यांना पेढे वाटले आणि विषय कुठला म्हणून विचारल्यावर "मोठा हाय," एवढंच सांगितलं. हा तोरा मला मिरवायचाच होता. पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "ये गं पदवीधर. बस. वाचाय येतंय न्हवं?" मला राग आला. पण त्यांना खरंच तेवढंच विचारायचं होतं. खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत वाचणारा, दुसऱ्या खुर्चीत ऐकणारा. पुस्तिकेचं पानन् पान असं वाचल्याशिवाय बाहेर जात नसे.

वाचताना स्वल्पविराम म्हणता येतो, पण रिकामी ओळ कशी म्हणायची? लाटेकमध्ये परिच्छेद संपला की नुसती एक ओळ रिकामी सोडायची असते. दुसरा हुकूम नाही. त्या रिकाम्या ओळीसाठी अण्णा, वाचत असोत की ऐकत, टेबलाच्या कडेवर एक ठोका मारायचे. ठोक्याला त्यांची जुनी लोखंडी स्टिक होती, जुळारी लोक हातात धरून तिच्यात खिळे लावतात ती. छापखाना बंद होताना त्यांनी तेवढीच मागून आणली होती. टक. पुढचा परिच्छेद. टक. वर्षानुवर्षांच्या टकटकीनं टेबलाच्या कडेला बोटाच्या पेराएवढा खळगा पडला होता.

मी दोन वर्षं मुकाट्यानं वाचलं. मग साहेबांनी फर्मान काढलं की आता पुस्तिका फोनवरपण दिसली पाहिजे, आणि पंपावर चिकटवायला सगळे इशारे असलेला एक कागदपण निघाला पाहिजे. मी तयारच होते. मी म्हटलं, आपण सगळं एक्सएमएलमध्ये घालूया. या पद्धतीत पान कसं दिसावं ते लिहीत नाहीत, मजकुराचा कुठला तुकडा काय आहे ते लिहितात. इशारा असेल तर आधी 'इशारा' अशी खूण, मग मजकूर, मग 'इशारा संपला' अशी खूण. पायरीला पायरीची, भागाच्या नावाला भागाची. जे उघडलं ते नाव घेऊन बंद करायचं. मग यंत्राला सांगता येतं, फक्त इशारे काढून दे, ते लाल दाखव. खुणांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात, मी तशीच ठेवली.

अण्णांनी माझा एक नमुना मागून घेतला. त्यांचं लाटेकचं अर्ध्या पानाचं लिखाण माझ्याकडं चार पानं झालं होतं. बराच वेळ बघत राहिले. "हे लई लांबडं हाय गं. दारात आलेल्या पावण्याला पण 'पावणा आला, पावणा बसला, पावण्याचं बसणं संपलं' असं सांगत बसणार काय?" मीही गप्प बसले नाही. "अण्णा, तुमच्या फायलीत नुसतं 'ठळक' म्हणून लिहिलंय. ठळक का, ते कुठं लिहिलंय?" "ठळक दिसतंय की!" "माणसाला दिसतंय. यंत्राला कळत न्हाय." "मग यंत्राला चष्मा लाव." साहेब हुबळीकडचे, त्यांना दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही कंटाळा आला होता. "एरडू माडरी, नोडोण," म्हणाले. दोन्ही करा, बघूया. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. त्याच सुमाराला नव्या पंपाची पुस्तिका बाहेर पडायची होती. तोवर माझ्या फायली उभ्या राहिल्या नाहीत तर माझी रवानगी स्टोअरच्या टायपिंगला, हे साहेबांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलं होतं.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, अण्णांच्या सगळ्या फायली एका दमात माझ्या पद्धतीत आणणारा. त्यांनी जिथं जिथं ठळक केलंय तिथं इशारा, असं त्याला शिकवलं. ठळक म्हणजे इशाराच असणार, त्यात विचारायचं काय? मी विचारलंच नाही. पदवी होती ना.

मग वाचायचा दिवस आला. अण्णा जुनी पुस्तिका धरून ऐकणार, मी माझी फाईल वाचणार. साहेब येऊन बसले. असेंब्लीतून बसवराज या फिटरला बोलावलं होतं. माणूस माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हातात माझा फोन, त्यावर नवी पुस्तिका. मी सुरू केलं. "पायरी सुरू. क्रमांक सुरू. तीन. क्रमांक संपला. कृती सुरू. इशारा सुरू. वॉशर. इशारा संपला. बसवून, स्वल्पविराम, इशारा सुरू. बोल्ट. इशारा संपला..." बसवराज फोनकडं बघत होता, तो हसायला लागला. "म्यडम, हितं सगळं लाल लाल दिसतंय. वॉशरला भ्यायचं काय मी?" साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. माझे कान तापले. भागांची नावं अण्णांनी ठळक केली होती, आणि मी प्रत्येक वॉशरला धोका करून टाकलं होतं. अण्णा मात्र हसले नाहीत. "पुढं वाच," म्हणाले. हरलेल्या माणसासमोर त्यांना कधी हसता यायचं नाही.

पुढं वाचलं. "परिच्छेद सुरू. पंपात पाणी भरून हवा काढल्याशिवाय मोटर सुरू करू नये, पूर्णविराम. परिच्छेद संपला." ठोका पडला नाही. मी वर बघितलं. अण्णांचं बोट पुस्तिकेवर तसंच होतं. "हितं इशारा का न्हाय?"

"तुमच्या फायलीत इशारा कुठं आहे? वर एक रेघ, खाली एक रेघ. एवढंच."

"त्या रेघाच इशारा."

"अण्णा, ते तुम्हांस्नी म्हाईत हाय. फायलीला म्हाईत न्हाय."

बसवराज म्हणाला, "आमाला पण म्हाईत हाय, म्यडम. दोन रेघा म्हंजे अण्णा वरडतोय." कोरडा पंप चालवला की सील जळून जातं, हे त्याला पाठ. पण मच्छेच्या बाहेरच्या फिटरला? त्याच्या फोनवर वॉशर लाल, आणि ज्यानं पंप जळेल ते वाक्य साध्या अक्षरांत चाललेलं. मी लावलेल्या खुणा नेमक्या उलट पडल्या होत्या, ही माझी चूक, मी ती झाकत नाही. अण्णांनी चष्मा काढून पुसला. छापखान्यात जिथं हाताला किंवा यंत्राला इजा होईल असा मजकूर असेल तिथं ते वर-खाली पितळी पट्टी लावायचे, तीच सवय इथं आली होती. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. "म्हंजे मी गेलो की," ते सावकाश म्हणाले, "ह्या नुसत्या रेघा ऱ्हायल्या."

साहेब उठून गेल्यावर अण्णांनी स्टिकनं एक ठोका मारला. "चल. पहिल्या पानापासनं वाच. मी सांगतो कुठलं काय हाय त्ये."

अण्णा निवृत्त होईपर्यंत आम्ही तेच केलं, आणि माझ्या नोकरीतले ते सगळ्यात मजेचे दिवस. एकेक जुनी पुस्तिका घ्यायची, मी वाचायची, आणि जिथं ठळक, तिरपं, रेघ, चौकट येईल तिथं थांबायचं. "हे काय, अण्णा?" "भाग." "हे?" "इशारा. लाव." "हे?" "ही सूचना. इशारा न्हवं. ऐकलं न्हाय तर पाणी कमी येतंय, बोट तुटत न्हाय." एवढा बारीक भेद तो माणूस वीस वर्षं नुसत्या रेघेच्या जाडीतून करत होता. आणि मग यायचं एखादं विचित्र काही. "अण्णा, 'कृपया' ठळक का?" अण्णा डोकं खाजवायचे. "त्या वक्ताचा मॅनेजर म्हणाला, ठळक कर. त्याला गिऱ्हाइकानं काहीतरी लिवलंतं." "काय लिवलंतं?" "त्ये त्यानं सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय." "मग काढू?" "काढू नको! काय तरी असल म्हणूनच म्हणाला असल की." अशा गोष्टी भाग नव्हत्या, इशारा नव्हत्या, सूचनाही नव्हत्या. शेवटी वैतागून मी त्यांच्यासाठी एक नवी खूण केली आणि तिचं नाव ठेवलं 'उगीच'. अण्णा इतके हसले की चहा सांडला. मग त्यांनीच नियम घातला: उगीचला कारण विचारायचं नाही, आणि उगीच कधी काढायचं नाही. आजही आमच्या कंपनीच्या सगळ्या फायलींत ती खूण आहे. "उगीच सुरू. कृपया. उगीच संपला." नवीन साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

आता मला कुणी विचारलं की दोन्हीत चांगलं कुठलं, तर मी सरळ सांगते. एक्सएमएल लांबडं आहे, वाचताना घसा सुकतो, हातानं लिहायला नको वाटतं. पण ते तुमच्याकडून नाव वदवून घेतं. हे काय आहे, सांगा, मगच पुढं. लाटेक थोडक्यात लिहितं, देखणं पान देतं; पण हे असं का, ते जुळाऱ्याच्या डोक्यात राहू देतं, आणि जुळारी निवृत्त होतो. शेवटी आम्ही मजकूर माझ्या पद्धतीत साठवला आणि त्यातून छापायचं पान अण्णांच्या लाटेकनं काढलं. इशाऱ्याच्या वर-खाली दोन रेघा आपोआप पडतात, त्यांच्या जाडीच्या. फोनवर लाल. पहिली पुस्तिका छापून आली तेव्हा अण्णांनी ती उजेडाकडं धरून बघितली. "पान माझंच हाय," म्हणाले. "आतनं तुझं असंना का."

एक भांडण मात्र मिटलं नाही. माझ्या पद्धतीत मी 'परिच्छेद संपला' असं मोठ्यानं म्हणायची, तरी हे ठोका मारायचेच. "अहो, संपला म्हटलंय की मी!" "तू म्हटलंस. मी ऐकलं म्हणून कोण सांगणार?"

निवृत्तीनंतर ते निपाणीला गेले. बोरगावला जाताना मी रविवारी हमखास थांबायची. लांबड्या पद्धतीची टिंगल त्यांनी सोडली नव्हती. ताटावर बसले की सुरू: "जेवण सुरू. भाकरी सुरू. शांते, भाकरी संपली, दुसरी उघड." आक्का म्हणायच्या, "कंपनी सोडली पण कंपनीनं ह्यास्नी सोडलं न्हाय." शेवटच्या रविवारी मी घाईत होते, बस गाठायची होती, ताट तसंच ठेवून उठायला लागले. अण्णा म्हणाले, "पदवीधर, जेवण संपलं म्हण आधी. तुझ्या पद्धतीत तसं उठाय येत न्हाय." मी म्हटलं, "जेवण संपलं." त्यांनी ताटाच्या काठावर बोटानं एक ठोका मारला.

दिवसकार्याचा कागद त्यांच्या पुतण्यानं फोनवर तयार करून आणला होता. फुलं, दिवा, फोटो, सगळं छान. छापायला निघालाच होता. आक्का म्हणाल्या, "थांब रं. वाचल्याबिगर ह्यांनी कधी कागद सोडला न्हाय. ह्यांचाच कसा सोडू?" मला समोर बसवलं. मी फोनवरून वाचू लागले, आक्कांनी स्वतः हातानं लिहिलेला मूळ मजकूर मांडीवर घेतला. तीर्थरूप... स्वल्पविराम... वार, तारीख. "थांब," आक्का म्हणाल्या. "त्या तारखेला सोमवार येतोय. ह्यानं रविवार लिवलाय." कॅलेंडर काढलं. सोमवारच. पुतण्या कान पकडून उभा. वार आणि तारीख एकमेकांना विचारून बघायची, हा अण्णांचा पहिला धडा. त्यांच्याच कागदावर तो चुकला असता तर अर्धे पाहुणे एक दिवस आधी आले असते. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी आक्का हसल्या. "बघा, अजून काढतीया चुका," त्या फोटोकडं बघून म्हणाल्या. मी शेवटची ओळ वाचली. आक्कांनी जमिनीवर बोटाच्या पेरानं ठोका मारला. स्टिक फळीवर होती, पण ती त्यांनी घेतली नाही.

मागच्या आठवड्यात मच्छेला नव्या मोटरच्या पुस्तिकेचं वाचन लावलं. आता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवराज असतो. गुडघा दुखतो म्हणून असेंब्लीतून त्यानं आमच्याकडं बदली मागून घेतली. मी वाचत होते, तो पानावर बोट ठेवून ऐकत होता. "परिच्छेद संपला," मी म्हटलं, आणि माझं बोट आपोआप टेबलाच्या कडेला गेलं, त्या खळग्यात बरोबर बसलं. टक.

बसवराजनं वर बघितलं. "म्यडम, संपला म्हणून तुमीच सांगता, ठोका पण तुमीच मारता. ह्या ठोक्याला खूण कुठली लावायची?"

मी बोट खळग्यातून काढलं नाही.

"उगीच," म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं. उगीच म्हणजे कारण विचारायचं नाही आणि काढायचं नाही, हे त्याला पाठ आहे.